ट्रॅक्टर उभा आहे तिथून ओढ्यापर्यंत

दिराचा मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला, तेव्हाच मी ओळखलं, याला काहीतरी पाहिजे. आमच्या दोन घरांत लग्नाची पत्रिका देण्याएवढं बोलणं आहे, पेढे देण्याएवढं नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, दोन लेकरांचा बाप, अहमदपूरला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर असा टेकला होता, जसं काही मास्तरांनी बोलावून घेतलंय.

“मोठ्याई, तुमचा ट्रॅक्टर मला चालू करायचाय.”

“कामून?”

“उगं. मोठ्या बाबांनी हातानं बनवलेला. पाऊसपाण्यात सडून राहिला. जीव तुटतो बघून.”

“तीस वर्षं तुटला न्हाई, आत्ताच बरा तुटला.”

तो हसला. मी हसले नाही. खर्चाचं विचारलं तर म्हणाला, “तुम्हाला एक रुपया न्हाई. सगळं माझ्याकडून.”

फुकट म्हटल्यावर मी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

तो ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा नाही. आमच्या मालकांनी तो घरी जोडला. गावात तेव्हा एकच ट्रॅक्टर होता आणि आपली बारी येईपर्यंत वाफसा मोडून रान वाळून जायचं. मालक सातवी शिकलेले, पण हातात पाना आला की त्यांना जेवण आठवत नसे. नांदेडच्या भंगारातून त्यांनी एका मोडक्या जीपचा सांगाडा आणला. जीपच्या गिअरबॉक्समागं आणखी एक गिअरबॉक्स जोडला, म्हणजे चाल कमी होते आणि ओढ वाढते. मागं ट्रकची चाकं लावली. बसायला जुन्या बसमधली सीट. विहिरीवरचं डिझेल इंजन उचलून त्यावर बसवलं आणि पट्ट्यानं गिअरबॉक्सला जोडलं. विहिरीला इंजन लागलं की अख्खा ट्रॅक्टरच विहिरीपाशी नेऊन उभा करायचा.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा तो मागं गेला. पहिला गिअर टाकला, मागं. दुसरा टाकला, मागं. तिसऱ्यात आणखी जोरात मागं. रिव्हर्स टाकला की मुंगीच्या चालीनं पुढं. गाव हसलं. मालक चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी दळण घेऊन गिरणीत गेले होते, तिथं बघितलं, पट्टा मध्ये तिढा देऊन टाकलेला, आठाच्या आकड्यासारखा. गिरणीवाल्याला विचारलं. तिढा दिला की पलीकडचं चाक उलटं फिरतं, तो म्हणाला. घरी येऊन मालकांना सांगितलं. “तुला काय कळतं,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पट्ट्याला तिढा होता आणि ट्रॅक्टर पुढं जात होता. गावात त्यांनी ते स्वतःचं डोकं म्हणून सांगितलं. तेव्हा मी बोलले नाही, आता लिहिते.

आठ-नऊ वर्षं त्यानं नांगरलं, वाहिलं, लोकांचं सुद्धा काम केलं. मग एका उन्हाळ्यात रस्त्याजवळ, ओढ्याच्या कडेला मागचा गिअरबॉक्स फुटला आणि तो तिथंच राहिला. त्याच उन्हाळ्यात दोघा भावांची वाटणी झाली.

ती वाटणी नीट सांगावी लागेल. शेताचा रस्त्याला लागून असलेला पुढचा तुकडा दिराला गेला, मागचा आम्हाला. मागं जायला वाट पाहिजे. ओढ्याच्या कडेनं ती वाट काढायची, हे ठरलं. किती रुंद, याला खूण पाहिजे. गावातले पाच जाणते पंच म्हणून बसले होते. त्यांतल्या एकानं आजूबाजूला बघितलं, तर हद्दीवर झाड नाही, दगड नाही, मेलेला ट्रॅक्टर तेवढा दिसला. त्यांनी साध्या कागदावर लिहिलं: ट्रॅक्टर उभा आहे तिथून ओढ्यापर्यंतची वाट थोरल्याची. सगळ्यांनी सह्या केल्या. ज्या वस्तूला चार चाकं आहेत तिला हद्दीची खूण धरायचं आमच्या गावाला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. तो पुन्हा हलेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सरकारी मोजणी कुणी बोलावली नाही. पेढे आले तोवर त्या वाटेला तेवढाच कागद होता.

आता पुतण्या आला होता ती खूण चालू करायला.

मी लगेच हो म्हटलं नाही. नांदेडला माझा मुलगा नोकरीला आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, “आई, चांगलं करून राहिला तर करू दे ना. प्रत्येकाची नियत खराबच असती का?” नांदेडला राहून बोलायला सोपं आहे. त्याला ती वाट रोज चालावी लागत नाही.

वाटेचं असं झालं होतं की ओढा दर पावसाळ्यात कड खातो. मालक होते तोवर ते, नंतर मी मजूर लावून, दर वर्षी कडेला दगड रचत आलो. तरी ओढा खातोच. पहिल्यांदा तिथून बैलगाडी आरामात जायची. अलीकडं बैलगाडी जाताना एक माणूस ओढ्याच्या बाजूनं बैलाला दाबत चालायचा. भाड्याचा ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन आत येत नव्हता; ड्रायव्हर उतरायचा, कड बघायचा आणि मान हलवायचा. सोयाबीनची पोती मजुरांच्या पाठीवरून रस्त्यापर्यंत आणावी लागायची आणि मजूर पाठीवरचं काम म्हटलं की येत नसत. पुतण्यानं ट्रॅक्टर दुकानात नेला आणि परत आणताना दोन हात ओढ्याकडं सरकवून लावला, तर माझी वाट संपली. मग मागच्या रानात जायला दिराच्या तुकड्यातून, त्याच्या मर्जीनं. पेढे त्यासाठीच असणार, हे मी धरून चालले.

आणि मला ते इतकं लवकर का सुचलं, तेही लिहिते. कारण तसं आम्ही एकदा केलं होतं.

पंच बसायच्या आदल्या दिवशी अहमदपूरचा बाजार होता. दुपारी गाव रिकामं. तिथं खुणेला धरण्यासारखं दुसरं काहीच नाही, पंच गाडीच धरणार, हे मालकांनी ओळखलं होतं. मालकांनी बैलजोडी आणली, ट्रॅक्टरला साखळी लावली आणि तो ओढ्यापासून पाच फूट आत, दिराच्या अंगाला ओढून लावला. मूळ जागेवर राहिला असता तर वाट माणसापुरतीच राहिली असती, गाडीपुरती नाही. मी चाकांच्या पुढं दगड टाकले. मग बाभळीची फांदी घेऊन बैलांच्या खुरांच्या आणि चाकांच्या खुणा पुसल्या. ट्रॅक्टर महिनाभरच तिथं होता, चाकं रुतली नव्हती. कुणाला कळलं नाही, असं आम्ही धरलं. मालकांनी मरेपर्यंत तो विषय काढला नाही आणि मीही नाही. मला त्याची लाज वाटत होती असं नाही. भीती वाटत होती.

म्हणून पुतण्याला मी अट घातली. “जे करायचं ते जाग्यावर कर. गाडी एक बोट हलली न्हाई पाहिजे.”

“मोठ्याई, चाकं काढायची म्हणल्यावर वर उचलावीच लागती.”

“वर उचल. बाजूला न्हाई.”

चाकांच्या बाहेरून, दोन पुढं आणि दोन मागं, मी चार लोखंडी पहारी ठोकून घेतल्या. त्यानं त्या मुकाट ठोकल्या, ते मला आवडलं नाही. अट लगेच मान्य करणारा माणूस आत काहीतरी वेगळं ठेवून असतो. मी तिथं बाज टाकली आणि रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन जाऊन बसू लागले. दिवाळी झाली होती, दिराच्या तुकड्यात हरभरा वीतभर आला होता. लोक विचारत, काय करलाव मावशी? मी म्हणायचे, ऊन खात बसले.

पुतण्याचं काम मात्र बघण्यासारखं होतं. पहिले आठ दिवस त्यानं काहीच खोललं नाही. इंजन जाम होतं. वरचं नोझल काढून त्यानं आत डिझेल आणि रॉकेल सारखं करून ओतलं आणि रोज येऊन बघायचा, किती मुरलं. मी म्हटलं, लोणचं घातलंस का? तो म्हणाला, “घाई केली की फुटतंय.” नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं हळूहळू ठोकलं, तेव्हा पिस्टन करंगळीएवढा सरकला. तो बाजेवर येऊन बसला आणि माझ्या तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

धुराच्या नळीत गांधीलमाशीचं घर निघालं. मागच्या गिअरबॉक्समध्ये सापाची कात. फुटलेल्या दाताचं चाक बदलायला त्यानं तो गिअरबॉक्स दुकानात न्यायची परवानगी मागितली. मी म्हटलं, तेवढा ने, त्यानं हद्द हलत नाही. दाताचं चाक काही लातूरला मिळालं नाही, औशाला मिळालं नाही, शेवटी नांदेडला त्याच भंगारात मिळालं, जिथून मालकांनी जीप आणली होती. भंगारवाल्याचा मुलगा आता दुकानावर बसतो. पुतण्या येऊन मला म्हणाला, “मोठ्या बाबांनी दोन गिअरबॉक्स असे बसवलेत, मला आज बी जमलं नसतं. लेथ न्हाई, काही न्हाई, नुसत्या कानशीनं घासून शाफ्ट जुळवलाय.”

मी म्हटलं, “हाव.” त्याला वाटलं असेल मी खूश होईन. गोड बोलून माणूस काय काय नेतो, ते मला माहीत आहे.

एक दिवस त्याला सरळ विचारलं. “खरं सांग, तुला काय पाहिजे?”

तो जरा वेळ चिंधीनं हात पुसत राहिला. मग म्हणाला की लातूरला शेतीचं प्रदर्शन भरतं, तिथं जुन्या यंत्रांना जागा देतात. ट्रॅक्टर चालू करून तिथं ठेवला आणि शेजारी दुकानाचा बोर्ड लावला, तर चार गिऱ्हाइकं येतील. “आणि मला करून बघायचं होतं,” तो म्हणाला.

बोर्डासाठी कुणी दोन महिने हात काळे करतं का? मला पटलं नाही. पण निदान पेढ्यांचं कारण तरी निघालं, एवढं झालं.

त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझा दीर तिथं आला. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा असेल, गुडघे गेलेले, काठी घेऊन हळूहळू हरभऱ्याच्या कडेनं आला. कित्येक वर्षांत तो त्या जागेपाशी आला नव्हता. पलीकडच्या बाजूला, आपल्या रानात उभा राहिला. पहारी बघितल्या, बाज बघितली.

“वैनी, डाव चांगला टाकला तुम्ही,” तो म्हणाला.

“कसला डाव, भाऊजी?”

“पोराला नादी लावलं. गाडी चालू झाली की जागा रिकामी. मग तुमची वाट गाडीच्या जागेसकट मोठी. ट्रॉली जायला पाहिजे ना तुम्हाला?”

मी बघतच राहिले. हा माणूस माझ्यावर शक घेत होता. आणि खरं सांगायचं तर मला तो डाव सुचला नव्हता, याचा मला राग आला.

“तुमच्या पोरानं पेढे आणले माझ्याकडं,” मी म्हटलं. “मी न्हाई नेले तुमच्याकडं.”

“तो भोळा हाय.”

“भोळा हाय तर दोन्ही बाजूनं पहारी कामून मारून घेतल्या मी?”

“दाखवायला.”

पुतण्या ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपला होता. तिथूनच म्हणाला, “तुम्ही दोघं बोला, मी खालीच राहतो. अंगावर काय पाडू नका म्हंजे झालं.”

त्या दिवसापासून दीरही रोज येऊ लागला. त्याच्या नातवानं त्याला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. इकडं माझी बाज, तिकडं त्याची खुर्ची, मध्ये ट्रॅक्टर. चहा दोघांचा वेगवेगळा यायचा. पुतण्या दोन्हीकडचा प्यायचा.

शेवटच्या आठवड्यात त्यानं पट्टा बदलला. जुना रुंद पट्टा कुजलाच होता. त्यानं त्याच्या जागी नव्या खाचेच्या पुल्या बसवल्या आणि हल्ली मोटारीला असतात तसे अरुंद, जाड पट्टे आणले. दोन पट्टे, बाजूबाजूला, सरळ. तिढा नाही. मला म्हणाला, “जुना पट्टा पिळलेला होता, मोठ्याई. घाईत बसवला असंल मोठ्या बाबांनी.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

माझ्या मनात आलं ते असं. हा म्हणतो, फक्त इंजन चालू करून बघणार, जागेवर. गिअर टाकायचं कारणच नाही. याची नियत साफ असेल तर पट्टा सरळ असो की वाकडा, काही बिघडत नाही. आणि याला गाडी पळवायची असेल, तर हा पहिला गिअर टाकील, रस्त्याकडं तोंड आहेच, आणि गाडी जाईल मागं. तेव्हा मला कळेल. मी गप्प राहिले. पंचाहत्तरीच्या बाईनं असं करावं का, हा वेगळा प्रश्न आहे. मी केलं.

चालू करायच्या दिवशी तो सकाळीच आला. पुढच्या पहारी त्यानं काढल्या, हँडल फिरवायला आड येतात म्हणाला. मी म्हटलं, बघू. त्यानं हँडल मारलं. एक नाही, दोन नाही, वीसेक वेळा तरी मारलं असेल. शर्ट भिजला. मग एकदा इंजन खोकलं, काळा धूर आला, थांबलं. पुन्हा मारलं आणि ते लागलं. ठक ठक ठक, तोच जुना आवाज. रस्त्यावरचे दोघे मोटारसायकलवाले थांबले. दीर खुर्चीतून उठून उभा राहिला. मी गिअरच्या दांड्याकडं बघत होते.

पुतण्या सीटवर चढला. इंजनाचा वेग कमी-जास्त केला. सगळं ठीक होतं. उतरायला पाहिजे होता. तो उतरला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि पहिला गिअर टाकला.

ट्रॅक्टर मागं निघाला. त्यानं घाबरून दुसरा टाकला, तर दुप्पट वेगानं मागं. मागच्या दोन पहारी वाकून आडव्या झाल्या. दीर काठी उंच करून “अरे हरभरा! अरे हरभरा!” ओरडत होता. पंधरा-वीस फूट मागं, थोडा तिरपा, हरभऱ्याची एक ओळ तुडवून ट्रॅक्टर थांबला, कारण पुतण्याला तोवर पट्टा सैल करायचा दांडा सापडला होता.

“बघितलं?” मी म्हटलं. “एक बोट हलवणार नव्हतास ना?”

तो सीटवरूनच म्हणाला, “मोठ्याई, इंजन लागल्यावर गिअर टाकल्याबिगर कोण राहतंय?”

असं असेलही. मालकही राहिले नसते. पण तेव्हा मी ते बोलले नाही, कारण माझं लक्ष जागेकडं गेलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा ती रिकामी दिसत होती. मध्ये तेलानं काळी झालेली माती, चाकांचे खोल खड्डे, कडेनं पिवळं, उन्हाविना वाढलेलं गवत. दीर त्याच्या बाजूनं पुढं आला, मी माझ्या बाजूनं. दोघंही कडेला थांबलो. आत पाय कुणी टाकला नाही.

“परत लाव,” दीर म्हणाला.

“परत लाव,” मी म्हटलं. “त्याच खड्ड्यात.”

आमचं दोघांचं एकमत बघून पुतण्या सीटवरच डोकं धरून बसला. “म्हंजे प्रदर्शनाला न्यायचा कसा? एवढं करून पुन्हा इथंच गाडून ठेवायचा का?”

तेव्हा दीर हसला. तोंडात चार दात, पण पोट धरून हसला. “गाडून ठेवून तरी काय उपेग? तवा बी रातोरात न्हाई, भर दुपारी हललीच की.”

 मी बाजेकडं गेले नाही, तिथंच उभी राहिले. “काय म्हणायचंय भाऊजी तुम्हाला?”

“वैनी, मी बाजारातून लवकर आल्तो. गाडी वढताना बघितली न्हाई, ते खोटं कशाला सांगू. पण इथं येऊन बघतो तर रान झाडलेलं. अंगण झाडतेत, देऊळ झाडतेत. रान कोण झाडतंय?”

पुतण्या एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. त्याला काही माहीत नव्हतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा पटलं.

“मग पंचासमोर बोलला का न्हाई?” मी विचारलं. मला वाटलं आता तो भावाचं, मायेचं काही बोलेल. तसं बोलला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

“का बोलू?” तो म्हणाला. “वाट अरुंद ऱ्हायली असती तर पंच माझ्या रानातून सामाईक वाट काढणार होते. सामाईक म्हणलं की ओढ्याची कड बी सामाईक. दरसाली दगड मी बी वाहिले असते. दादानं गाडी आत घेतली, पंचानं बघितलं, गाडीपुरती वाट हाय, म्हणले वाट तुमची, डागडुजी तुमची. पाच फूट गेलं माझं. पण ओढा तुमच्या गळ्यात पडला.” आणि काठीनं त्यानं कडेचे दगड दाखवले, एकावर एक रचलेले, तीस पावसाळ्यांचे. “हिशेबात मी खाली न्हाई आलो.”

मी त्या दगडांकडं बघितलं. त्यातले कितीतरी मी डोक्यावर आणलेले होते. पाच फूट मारलं म्हणून आम्ही नवरा-बायको मनात खूश होतो आणि हा माणूस दर वर्षी आपल्या रानात बसून आम्हाला दगड वाहताना बघत होता. तीस वर्षं गप्प. अशा माणसाचा मला राग यायला पाहिजे होता. आला. पण त्याच वेळी हेही कळलं की त्याच्याशी आता सरळ बोलता येईल, कारण तोही आमच्यासारखाच आहे.

“मग आता सामाईक करा,” मी म्हटलं.

“आता? कशाला आता?”

“गाडीची जागा पाच फूट, माझी वाट उरली तेवढी. दोन्ही मिळून एक वाट. तुमची बी, माझी बी. नांगर कुणी घालायचा न्हाई. कड दोघांची. दगड निम्मे निम्मे.”

“मी न्हाई दगड वाहत ह्या वयात.”

“तुम्ही नका वाहू. तुमचा पोरगा हाय.”

“आणि न्हाई केलं तर?”

“तर गाडी माझी हाय. पुन्हा त्या खड्ड्यात लावते आणि चाकं काढून घरी नेते. प्रदर्शन राहिलं.”

पुतण्यानं बापाकडं बघितलं. दोन महिने एवढं केलेल्या पोराचं ते तोंड बापाला बघवेना. दीर काठीनं माती उकरत बसला. मग म्हणाला, “वैनी, दादापेक्षा तुम्ही बेकार.” मी ते हो म्हणून धरलं.

कागद त्याच संध्याकाळी केला. पुतण्यानं लिहिला, मी चौथीपर्यंत शिकले आहे तेवढ्या अक्षरांवर बोट ठेवून वाचला. त्यात वाट सामाईक असं होतं, कडेचं काही नव्हतं. “विसरलो,” तो म्हणाला. मी म्हटलं, आता लिही. लिहिल्यावर मी अंगठा नाही, सही केली. दिरानंही केली. सरकारी मोजणीचा अर्जही द्यायला लावला, कारण दोघंही आता किती दिवसांचे. खुणेला या वेळी दगड पुरले, दोन्ही टोकांना, दोघांच्या समोर.

पट्ट्याचं मग मी सांगितलं. पुतण्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्हाला आधीच दिसलं होतं?”

“हाव.”

“आणि बोलला न्हाई?”

“न्हाई.”

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तेवढा त्याचा हक्क होता. तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्याकडून रुंद पट्टा आणला, पुल्या पुन्हा जुन्या बसवल्या, तिढा दिला आणि ट्रॅक्टर पुढं गेला.

प्रदर्शनाला पंधरा दिवस होते. पुतण्याला वाटत होतं, आधी लातूर, मग दगड. मी ट्रॅक्टरचं हँडल घरी आणून धान्याच्या कणगीमागं ठेवलं. हँडलाशिवाय ते इंजन लागत नाही आणि त्या मापाचं हँडल बाजारात मिळत नाही. रोज सकाळी तो यायचा, हँडल न्यायचा, ट्रॉली जोडून खदानीतून दगड आणायचा, कडेला टाकायचा आणि संध्याकाळी हँडल परत द्यायचा. त्याच्या वाटणीला आलेली निम्मी कड भरली, त्या संध्याकाळी मी हँडल परत घेतलं नाही. तो प्रदर्शनाला गेला. लोकांनी फोटो काढले म्हणे. बोर्ड पाहून गिऱ्हाइकं आली की नाही, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात ओढ्याला मोठं पाणी आलं. पाणी उतरल्यावर सकाळी मी कड बघायला गेले, तर दीर आधीच खुर्ची टाकून बसला होता. मध्ये एका जागी सात-आठ दगड घसरले होते.

“तुमच्या भागातले हायत,” तो म्हणाला.

“तुमच्या पोरानं लहान दगड टाकले म्हणून सुटले. मोठे असते तर राहिले असते.”

“माझ्या पोराचे तिकडं, त्या बाभळीपस्तोर.”

“बाभळीपस्तोर न्हाई, बाभळीच्या अलीकडं.”

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. भाड्याचा ट्रॅक्टर होता, ट्रॉलीत माझी खताची पोती. ड्रायव्हरनं आम्हाला दोघांना वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं. दिरानं खुर्ची उचलली, मी पदर सावरला. ट्रॉली आमच्या मधून मागच्या रानात गेली आणि आम्ही पुन्हा त्या बाभळीकडं बघायला चाललो.